चिऱ्याखालचं जंगल

आमच्या कामाचा सीझन आंब्याबरोबरच असतो. मार्च संपत आला की इकडे देवगड-मालवण पट्ट्यात विहिरी तळाला जातात, मग कोणी आहे ती विहीर खोल करायला घेतं, कोणी नवीन पाडतं, आणि मिरग लागून पहिला दणका बसला की सगळं बंद. कोकणातल्या फॉसिलवर, म्हणजे जीवाश्मांवर, काम करणाऱ्याला जे काय गावायचं ते ह्या मधल्या दोन-अडीच महिन्यांत. बाकी वर्ष लॅबमध्ये, मायक्रोस्कोपसमोर आणि डब्यांना लेबलं चिकटवण्यात जातं. माझी भूशास्त्रात पीएचडी चालू आहे, विषय काय तर जांभ्याच्या खालचे मायोसीन काळातले मातीचे थर आणि त्यात अडकलेली झाडं. घरचे कोणी विचारलं तर "दगडांचं काहीतरी करते" एवढंच सांगतात, आणि मीही आता दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही.

कोकणात फॉसिल म्हटलं की लोकांना पटत नाही आणि त्यांचंही बरोबर आहे. अर्ध्याअधिक कोकणात खाली बेसॉल्ट, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, लाव्ह्यात कोण टिकणार. सिंधुदुर्गाच्या बऱ्याच भागात तर त्याहून कितीतरी जुने खडक, आणि त्या सगळ्यावर जांभ्याचं झाकण. जांभा म्हणजे काय तर वरच्या पावसाने नि उष्णतेने खडक इतका कुजवायचा की लोह आणि ॲल्युमिनियम सोडून बाकी सगळं धुऊन जातं. त्यात एखादं पान असलं तरी ते उरणार कसं. पण काही ठिकाणी ह्या जांभ्याच्या खाली आणि जुन्या खडकाच्या वर, मधल्यामध्ये, राखाडी-निळसर चिकणमाती, वाळू आणि काळ्या लाकडाचे थर सापडतात. मायोसीन म्हणजे साधारण २ कोटी ३० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वीचा काळ, हे थर त्यातले. हा काही नवा शोध नाही हं. १८८० सालच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटिअरच्याही आधीपासून रत्नागिरीच्या विहिरींत जांभ्याखाली असलं लाकूड लागतं हे साहेबाच्या लोकांनी लिहून ठेवलंय.

अडचण अशी की हा थर उघडा कुठे दिसतच नाही. कच्छमध्ये नाहीतर स्पितीत गेलात तर डोंगरच्या डोंगर उघडे, चालत जा आणि बघा. इथे वर कातळ, कातळावर गवत, उताराला कलमं, आणि जिथे घळीत जरा माती उघडी पडते तिथे पहिल्या पावसात दरड येऊन ती झाकली जाते. त्यामुळे आम्ही खणत नाही, दुसऱ्याने खणलेलं बघतो. विहीर, चिरेखाण, हायवेच्या चौपदरीकरणात कापलेली बाजू, कोणाच्या घराचा पाया. म्हणजे माझं अख्खं संशोधन दुसऱ्याच्या पाण्याच्या गरजेवर चाललंय म्हणा ना.

म्हणून मग माझा नंबर गावोगावी वाटलेला आहे. यारीवाले (विहिरीतली माती वर ओढायची क्रेन ती यारी), चिरेखाणीवरचे मुकादम, एक-दोन सरपंच, पंपवाले, सगळ्यांना सांगून ठेवलंय की काळं लाकूड किंवा पानं दिसली तर फोन करा. आणि फोन येतात, भरपूर येतात, पण बहुतेक भलत्याच गोष्टींचे. सगळ्यात जास्त म्हणजे डायनासोरची अंडी. बेसॉल्ट झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांनी सुटत जातो आणि आत गोल गरगरीत गोटा राहतो, तो बघून माणूस हरखतो हे मला समजतं, पण डायनासोर हवे असतील तर नागपूर-चंद्रपूरकडे, पिसदुऱ्याला वगैरे जावं लागतं, ते थर लाव्ह्याच्या खालचे आहेत. आमचे थर डायनासोर संपल्यावर चार कोटी वर्षांनी तयार झालेले. दुसरा नंबर दगडातल्या नेच्यांचा. दगड फोडल्यावर आत काळ्या बारीक फांद्याफांद्यांची नक्षी दिसते, अगदी नेच्याचं पान, आणि ते असतं मॅंगनीज, भेगेतून पाणी झिरपताना बसलेलं. एका गृहस्थांनी असा दगड शोकेसमध्ये लाइट लावून ठेवला होता. त्यांना सांगावं की नाही ह्याचा मी बराच वेळ विचार केला, मग चहा आला, मग सांगितलं. त्यांनी लाइट काढला नाही.

तर ह्या सगळ्यातून एक फोन खरा निघतो. मागच्या उन्हाळ्यातला असाच एक. देवगड तालुक्यातली वाडी, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, उतारावर नवी विहीर, यारीवाल्याने व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, घमेल्यात काळे तुकडे आणि बाजूला मापाला म्हणून ठेवलेली तंबाखूची पुडी. फोटो बघितला आणि त्याला फोन करून आधी काय सांगितलं तर बाहेर काढलेला ढीग हलवू नका आणि उन्हात ठेवू नका, वर ओली पोती टाका. कारण ढीग एकदा बांधावर पसरला की कुठला तुकडा किती फुटावरचा ते कोणालाच सांगता येत नाही, आणि खोली माहीत नसलेला नमुना माझ्या दृष्टीने नुसताच कोळसा.

पोचले तेव्हा चाळीसएक फूट झाली होती विहीर. वरचा वीसेक फूट जांभा, त्याखाली लाल-पांढरी ठिपक्यांची माती, मग निळसर चिकणमाती आणि तिच्यात काळा पट्टा. मालकांची आजी कट्ट्यावर बसून होती, मी हेल्मेट घालायला लागले तशी म्हणाली, "गो, तुका भिया वाटणा नाय?" वाटतं की. म्हणजे उंचीपेक्षा हवेची जास्त. काळ्या मातीत पायराइट असतं, लोखंड आणि गंधक, ते हवेतला ऑक्सिजन खातं, त्यामुळे रात्रभर बंद राहिलेल्या अशा विहिरीत तळाला हवा खराब असू शकते. यारीवाल्यांना हे पुस्तकातून शिकवावं लागत नाही, ते सकाळी पहिल्यांदा आंब्याची पाल्यासकट मोठी फांदी दोराला बांधून खालीवर खालीवर करतात, हवा ढवळायची, मग कंदील सोडतात. ज्योत विझली तर कोणी उतरत नाही. माझ्याकडे गॅस मीटर आहे तोही सोडते, पण खरं सांगायचं तर कंदील बघितल्याशिवाय मीही पाळण्यात पाय ठेवत नाही.

खाली गेल्यावर जे काम असतं ते कोणाला दाखवण्यासारखं नाही. पहिल्यांदा टेप सोडायची आणि वरून खालपर्यंत प्रत्येक थर किती जाड, रंग काय, बोटाने चुरगळला तर वाळू लागते की लोण्यासारखा पसरतो, खालच्या थराशी रेघ सरळ आहे की खणलेली, सगळं वहीत. पेन्सिलने, कारण विहिरीत पाणी गळत असतं आणि बॉलपेन दोन ओळींत मान टाकतो. पंप चालू, वर यारी घरघरतेय, डोक्यावर टपटप, आणि कामगार थांबलेले. हे शेवटचं सगळ्यात जड. त्यांची मजुरी फुटावर असते, मी एक तास घेतला तर त्यांचा एक तास गेला, म्हणून मालकांशी आणि मुकादमाशी आधीच बोलून त्या वेळेचे पैसे ठरवून टाकते. प्रोजेक्टच्या बजेटमध्ये ह्याला हेडच नाही. फील्ड लेबर म्हणून टाकलं तर ऑफिसातून बिल परत येतं, पावती हवी म्हणे, विहिरीच्या तळाला पावती कोण फाडणार.

मग नमुने. भिंतीचा वरचा वीतभर थर खरवडून टाकायचा, आतली ताजी माती स्वच्छ सुरीने काढून लगेच पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, खालून वर जायचं म्हणजे वरची माती खालच्या नमुन्यात पडत नाही. ही सगळी सोवळंओवळं ज्याच्यासाठी ते म्हणजे परागकण. मला झाडाच्या खोडापेक्षा परागात जास्त रस आहे आणि पराग आजच्या हवेतही भरून राहिलेले असतात. कोकणात तर विचारूच नका, माडाची पोय बारा महिने, वर आंबा-काजूचा मोहोर. आता माझ्या थरातही ताड-माड कुळातले पराग आहेत, एक चीर असलेला लांबट दाणा, म्हणजे स्लाइडवर माडाचा दाणा दिसला तर तो दोन कोटी वर्षांपूर्वीचा की मालकांच्या परसातला? म्हणून विहिरीच्या काठावर व्हॅसलीन लावलेली एक काचपट्टी ठेवायची, त्या दिवशी हवेत काय काय होतं ते तिच्यावर चिकटतं. शिवाय ताजा दाणा आतून भरलेला असतो, रंग वेगळा घेतो. तरी शंका राहिली की तो दाणा मी मोजत नाही. ह्यावर माझे गाइड म्हणतात की जरा जास्तच कडक आहेस. असेन.

त्या विहिरीतलं लाकूड मात्र बघत राहावं असं होतं. हातभर लांब तुकडा, वरून चपटा झालेला कारण वर मातीचं वजन, रंग गर्द चॉकलेटी, ओला असताना चमकणारा, आणि रेषा इतक्या स्पष्ट की सुताराने बघितलं असतं तर रंधा मागितला असता. नखाने कोरता येतो. तुटलेल्या टोकाला भिंग लावलं तर नळ्यांची भोकं दिसतात, काही भोकांत पिवळसर काहीतरी भरलेलं. आणि त्याच मातीत मटारच्या दाण्याएवढे मधाच्या रंगाचे खडे, राळ. एक चुरा मी काडीवर धरून पेटवून बघितला तर आजी लगेच म्हणाली, "ह्येका धुपाचो वास येता." बरोबर ओळखलं तिने. बाजारात धुपासाठी मिळणारी राळ साल नावाच्या झाडाची, आणि लाकडात चिकाचे मार्ग, म्हणजे राळ वाहणाऱ्या नळ्या, असणं ही त्या झाडाच्या कुळाची खूण आहे, ते कूळ म्हणजे डिप्टेरोकार्प. आज कोकण किनाऱ्यावर त्या कुळाचं जंगल नाही. तेवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, चिकाचे मार्ग इतर झाडांतही असतात, पण मला त्या दिवशी झोप लागली नाही हे खरं. काळ्या तुकड्याबद्दल आजीचं मत वेगळं होतं, "ह्यो कोळसो चुलीत पेटना नाय, नुसतो धूर करता", म्हणजे मी यायच्या आधी प्रयोग होऊन गेला होता.

आता खरी गोष्ट. हे लाकूड बाहेर काढल्या क्षणापासून मरायला लागतं. दोन कोटी वर्षं ओल्या मातीत, हवेशिवाय, मजेत होतं, वर आलं की सुकतं, आकसतं, रेषांवरून फाटतं. आणि त्यातलं पायराइट कोकणातली दमट हवा मिळाली की फुलतं. फुलतं म्हणजे पांढरी-पिवळी बुरशीसारखी पावडर बाहेर येते, आंबूस गंधकाचा वास, ते ॲसिड असतं, सल्फ्युरिक, ते आधी लाकूड फोडतं, मग लेबल खातं, मग पुठ्ठ्याचा डबा. एका कॉलेजच्या कपाटात मी असा जुना संग्रह बघितलाय, खणात नुसता काळा चुरा आणि त्यात अर्धवट जळल्यासारखे कागद, कुठून आणलं कोणी आणलं काही वाचता येत नाही. कोणाचं तरी अख्खं आयुष्याचं काम असेल ते. पायराइटवाला नमुना साठ टक्क्यांहून कमी आर्द्रतेत ठेवावा असं म्हणतात. आमच्याकडे जुलैत आर्द्रता किती असते ते पापडाच्या डब्याला विचारा.

त्यामुळे फील्डवरच ओल्या फडक्यात गुंडाळायचं, वर अन्न गुंडाळायचा प्लॅस्टिकचा रोल, वर ॲल्युमिनियमची फॉइल, फॉइलवर मार्करने नंबर, आत ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने परत तोच नंबर, आणि वहीत तिसऱ्यांदा. मग थेट फ्रिज. गावच्या घरात फ्रिजचा खालचा कप्पा एप्रिल-मेमध्ये माझा असतो आणि त्यावरून आईशी दरवर्षी होतं, कारण तिला तिथे कोकमाच्या आगळाच्या बाटल्या ठेवायच्या असतात. ज्या तुकड्यात पायराइट डोळ्यांना दिसतं ते वेगळे, सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात, आणि ते आधी अभ्यासायचे, कारण त्यांच्याकडे वेळ कमी.

पानांचं तंत्र वेगळं. चिकणमातीचा गठ्ठा घ्यायचा, पातळ पट्टीने थर उघडत जायचे, शंभर वेळा काही नाही आणि एकदा पान उलगडतं, शिरांसकट, काळपट पापुद्रा. तो पापुद्रा उन्हात बघता बघता वाळून उडून जातो, अक्षरशः फुंकर पुरे. म्हणून आधी फोटो, बाजूने तिरका उजेड पाडून म्हणजे बारीक शिरा उठून दिसतात, मगच बाकी सगळं.

लॅबचं काम पुण्याला. मातीतून पराग काढणं म्हणजे पराग सोडून बाकी सगळं विरघळवणं. परागाचं कवच ज्या द्रव्याचं असतं त्याला स्पोरोपोलेनिन म्हणतात, ते इतकं चिवट की ॲसिडने त्याचं काही बिघडत नाही, त्याच भरवशावर हे सगळं चाललंय. पहिल्यांदा हायड्रोक्लोरिक, चुना काढायला. आमच्या मातीत चुना फारसा नसतो तरी ही पायरी गाळायची नाही, नाहीतर पुढच्या ॲसिडशी मिळून तळाला पांढरी खर बसते आणि ती मग जात नाही. मग हायड्रोफ्लोरिक, वाळू आणि माती विरघळवायला. ह्याची मला अजून भीती वाटते आणि वाटलीच पाहिजे. काच खातं ते, म्हणून भांडी प्लॅस्टिकची, आणि कातडीवर पडलं तर कित्येकदा लगेच दुखतही नाही, आत हाडापर्यंत जातं. फ्यूमहूड, दुहेरी हातमोजे, ॲप्रन, फेसशील्ड, आणि हाताशी, ॲसिड अंगावर पडलंच तर लावायला, कॅल्शियम ग्लुकोनेटची ट्यूब. एकटीने करायचं नाही, हा नियम. मग नायट्रिक, थोडा वेळच, जास्त झालं तर परागही जातात, मग पोटॅशचं पाणी घातलं की सगळं काळंकुट्ट होतं आणि ते काळं जाईपर्यंत धुत बसायचं, दहा मायक्रॉनच्या जाळीतून. शेवटी टेस्ट ट्यूबच्या तळाला चिमटीभर काहीतरी उरतं. एवढी मोठी विहीर, तेवढी चिमूट.

मग मोजणी. एका नमुन्यातून निदान दोनशे-तीनशे दाणे मोजायचे, डावीकडून उजवीकडे, एक पट्टा खाली, परत डावीकडून. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड, त्याच्यापेक्षाही हे लहान, बरेचसे वीस ते पन्नासमधले. ताडामाडाचे, कांदळाच्या परागांशी जुळणारे, नेच्यांचे बीजाणू ढीगभर. मला सगळ्यात आवडतात त्या बुरशीच्या चकत्या. सदाहरित जंगलात पानांवर वाढणारी बुरशी, तिच्या गोल चकत्या, मधून कडेपर्यंत चौकटींच्या ओळी, क्रोशाचा रुमाल असावा तशा. ही बुरशी जिथे भरपूर आणि बराच काळ पाऊस असतो तिथे वाढते, म्हणजे त्या वेळच्या जंगलात पान वाळायलाच मिळत नव्हतं. आज असलं काहीतरी बघायचं तर दोडामार्गात बांबर्ड्याला जावं, तिथे मायरिस्टिकाची दलदल आहे, जायफळाच्या कुळातली झाडं, मुळं पाण्याच्या वर गुडघे काढून उभी. एका पावसाळ्यात मी तिथली गळलेली पानं आणून धुऊन स्लाइड केल्या होत्या, चकत्या होत्या त्यांच्यावर.

लाकडाचं अजून अडकलंय. त्याचे तीन छेद लागतात, एक आडवा आणि दोन वेगवेगळ्या बाजूंचे उभे, तिन्ही जुळले तर कुळाबद्दल बोलता येतं. ते आजच्या लाकडांशी पडताळायला देहरादूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटचा संग्रह आणि लखनौचं बिरबल साहनी इन्स्टिट्यूट. लखनौला गेलात तर तिथली कोनशिला नक्की बघा. झाडांच्या फॉसिलचे संशोधक बिरबल साहनी, त्यांनी जगभरातून जमवलेली फॉसिल्स तिच्यात बसवली आहेत, ३ एप्रिल १९४९ ला नेहरूंच्या हस्ते बसवली आणि १० एप्रिलला साहनी गेले. माझा आडवा छेद छान आला, एक उभाही आला, तिसऱ्यात तुकडा फुटला. चिकाचे मार्ग दिसतात, पण ते ओळीत आहेत की विखुरलेले ह्यावर दोन तज्ज्ञांची दोन मतं पडली, म्हणजे कूळ कदाचित तेच पण त्यातलं कुठलं ते सांगता येत नाही. दुसरा तुकडा फ्रिजमध्ये आहे. पेपर लिहायचा तर नमुना आणि स्लाइड एखाद्या संस्थेत नंबर घेऊन जमा कराव्या लागतात, म्हणजे उद्या कोणाला शंका आली तर जाऊन बघता येईल. मालकांना हे समजावून सांगितलं तर ते म्हणाले एक तुकडा आम्हाला ठेवा, शोकेसमध्ये ठेवू. दिला, पायराइट नसलेला, घट्ट डब्यात. फॉसिलबद्दल कायदा अजून अर्धवट आहे, २०२२ च्या शेवटी केंद्राने भूवारसा, म्हणजे महत्त्वाचे खडक-फॉसिल, जपण्याच्या कायद्याचा मसुदा आणला होता, त्यामुळे सध्या तरी मालकाची परवानगी आणि माणुसकी ह्यावरच सगळं चालतं.

त्या विहिरीला पाणी लागलं, चिऱ्याने बांधून झाली, काळा पट्टा आता बांधकामाच्या मागे गेला. तिथे परत काही बघता येणार नाही, जे आहे ते माझ्या वहीत आणि पिशव्यांत.

तुमच्याकडे, म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुठेही, विहीर पाडताना जांभ्याच्या खाली काळं लाकूड लागलं तर एवढं करा. धुऊ नका, उन्हात सुकवू नका, व्हार्निश तर अजिबात लावू नका. किती फुटावर लागलं ते लगेच लिहा, भिंतीचा फोटो काढा, फोटोत टेप नाहीतर निदान पहार उभी धरा म्हणजे माप कळतं. तुकडा ओल्या फडक्यात, प्लॅस्टिकमध्ये, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. आणि जवळच्या कॉलेजात भूशास्त्र नाहीतर बॉटनीवाले कोणी असतील त्यांना त्याच दिवशी फोन करा, रविवार असला तरी, कारण सोमवारपर्यंत यारी चार फूट खाली गेलेली असते.